गृहनिर्माण, नागरी : अर्थप्रबंध व निवासाचा हक्क

शहरातील अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यांच्या ऐपतीत राहण्याजोगे घर मिळावे, यासाठी पैसा, जमीन व कायदेशीर संरक्षण यांची जी योजना शासन, स्थानिक स्वराज्य संस्था, सहकारी संस्था व खाजगी भांडवल यांच्याकडून केली जाते, तिला नागरी गृहनिर्माणाचा अर्थप्रबंध असे म्हणता येईल. ऐपतीतील घर कोणते, याची एकच सर्वमान्य व्याख्या नाही; तथापि घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता कुटुंबाच्या उत्पन्नाच्या सु. ३० टक्क्यांच्या आत असावा आणि तो भरल्यानंतर अन्न, औषधपाणी, शिक्षण व प्रवास यांसाठी पुरेशी रक्कम उरावी, ही कसोटी अनेक देशांत मानली जाते.

घर ही इतर उपभोग्य वस्तूंहून वेगळी वस्तू आहे. तिचा खर्च एकदम करावा लागतो, उपयोग मात्र दोन-तीन पिढ्या होतो. ती जमिनीशी बांधलेली असते व शहरातील मोक्याची जमीन वाढविता येत नाही. कामगाराच्या वेतनात अन्नवस्त्रांचा खर्च कसाबसा धरलेला असतो. बाजारभावाच्या घराचा खर्च त्यात क्वचितच बसतो. घराची किंमत व कुटुंबाची ऐपत यांत जी तफावत राहते, ती कोणी भरून काढावयाची, हा नागरी गृहनिर्माणाचा मूळ प्रश्न होय. ती करदाता भरून काढू शकतो, घरमालक भरू शकतो, सावकार किंवा बँक काही काळापुरती भरू शकते, अथवा शेजारच्या जमिनीवर महाग घर विकत घेणारा ग्राहक भरू शकतो. यांपैकी कोणीच ती भरली नाही, तर कुटुंब स्वतःच ती भरते. म्हणजे अधिक दाटीने, अधिक दूर किंवा कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहते. झोपडपट्टी हे या अखेरच्या मार्गाचे नाव आहे. तफावत भरणारा जो कोणी असेल, तोच बहुधा घराचा लाभ कोणाला व किती काळ मिळावा हेही ठरवितो. त्यामुळे निवासाचा हक्क आणि त्याचा अर्थप्रबंध हे दोन स्वतंत्र विषय नसून एकाच विषयाच्या दोन बाजू आहेत. मुंबई शहरात गेल्या सव्वाशे वर्षांत वरील बहुतेक मार्ग आळीपाळीने अवलंबिले गेले आहेत. म्हणून या विषयाच्या अभ्यासास ते शहर विशेष उपयुक्त ठरते.

हक्काची संकल्पना : संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या (१९४८) पंचविसाव्या अनुच्छेदात पुरेशा जीवनमानाच्या हक्कात निवाऱ्याचा समावेश करण्यात आला. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या (१९६६) अकराव्या अनुच्छेदाने सदस्य राष्ट्रांवर त्याबाबत बंधन घातले. भारत या करारात १९७९ मध्ये सामील झाला. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने १९९१ मध्ये पुरेशा निवासाची सात अंगे सांगितली. कब्जाची कायदेशीर सुरक्षितता, पाणी-स्वच्छता इ. सेवांची उपलब्धता, परवडणारा खर्च, राहण्यास योग्य अवस्था, दुर्बळांना सुलभता, रोजगार व सेवा यांच्या दृष्टीने योग्य स्थान आणि सांस्कृतिक अनुरूपता ही ती अंगे होत. चार भिंती व छप्पर म्हणजे निवास नव्हे, असा याचा आशय आहे.

भारतीय संविधानात निवासाचा हक्क शब्दशः नमूद केलेला नाही. न्यायालयांनी तो एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कातून काढला. राज्य शासनाने १९८१ मध्ये मुंबईतील पदपथवासीयांना हलविण्याचा निर्णय घेतला, त्यावरून ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा खटला उभा राहिला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९८५ मध्ये त्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे आणि कामाच्या ठिकाणाजवळची झोपडी तोडणे म्हणजे उपजीविका हिरावून घेणे होय, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क त्याने मान्य केला नाही. पूर्वसूचना देऊन व न्याय्य पद्धतीने झोपड्या हलविण्यास त्याने मुभा दिली आणि १९७६ च्या झोपडपट्टी-गणनेची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा देण्यास सांगितले. पुढे शांतिस्टार बिल्डर्स (१९९०) व चमेली सिंग (१९९६) या खटल्यांत निवाऱ्याचा हक्क अधिक स्पष्ट शब्दांत मांडला गेला. घरे पाडण्याच्या कारवाईबाबत १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने किमान १५ दिवसांची नोटीस आवश्यक ठरविली. या निर्णयांनी नागरिकाला मुख्यत्वे कार्यपद्धतीचे संरक्षण मिळाले. घरासाठी पैसा कोठून यावा, हे ठरविणे न्यायालयांच्या कक्षेबाहेरच राहिले.

सार्वजनिक कर व कर्जरोखे : मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ पसरली, तेव्हा दाटीच्या वस्त्यांचा प्रश्न शासनाला टाळता येईना. १८९८ च्या कायद्याने मुंबई शहर सुधारणा न्यास (इंप्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाला. शासन व नगरपालिका यांच्या मोकळ्या जमिनी, नगरपालिकेचे वार्षिक अंशदान व कर्जरोखे हे त्याचे भांडवल होते. न्यासाने सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंगा भागाची आखणी केली आणि कामगारांसाठी चाळीही बांधल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अनेक वर्षांचे वास्तव्य परळ येथील अशाच एका चाळीत होते. परंतु प्रारंभीच्या काळात जितक्या खोल्या पाडल्या गेल्या तितक्या बांधल्या गेल्या नाहीत. विस्थापित कुटुंबे शेजारच्या वस्त्यांत गेली व तेथील दाटी वाढली. कर्ज फेडण्यासाठी जमिनीतून उत्पन्न काढणे न्यासाला भाग होते आणि गरिबांची घरे हे त्या जमिनीचे सर्वांत कमी उत्पन्नाचे अंग होते. न्यासाचे काम १९३३ मध्ये महानगरपालिकेत विलीन करण्यात आले.

पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाई तीव्र झाली, तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली मुंबई विकास खाते निर्माण झाले. कामगारांसाठी ५०,००० गाळे बांधण्याचा त्याचा संकल्प होता. त्यासाठी कर्ज उभारण्यात आले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. ज्या उद्योगामुळे कामगार शहरात येतो, त्या उद्योगाने त्याच्या निवासाचा काही भार सोसावा, हे तत्त्व त्यात अनुस्यूत होते. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड या ठिकाणी २०७ चाळी व त्यांत सु. १६,५०० खोल्या बांधून झाल्या. बांधकामाचा खर्च वाढल्याने भाडी कामगारांना जड गेली, काही वसाहती गिरण्यांपासून दूर पडल्या आणि अनेक खोल्या दीर्घकाळ रिकाम्या राहिल्या. घरटंचाई असतानाही घरे रिकामी राहू शकतात, हा या योजनेचा धडा आहे. घराचे स्थान व भाडे चुकले, तर केवळ संख्येने प्रश्न सुटत नाही. पुढे मात्र याच चाळी कामगार, पोलीस व शासकीय नोकर यांच्या तीन-चार पिढ्यांचा आधार ठरल्या.

भाडे-नियंत्रण : दुसरा मार्ग तफावतीचा भार घरमालकावर टाकण्याचा होता. युद्धकालीन भाडेवाढ रोखण्यासाठी मुंबईत १९१८ मध्ये कायदा झाला. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने बहुसंख्य जागांची प्रमाण भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर स्थिर केली व भाडेकरूस निष्कासनापासून संरक्षण दिले. शासनाच्या तिजोरीतून पैसा खर्च न करता लाखो कुटुंबांना कामाजवळ स्थिर निवास मिळाला. निवासहक्काची इतकी व्यापक अंमलबजावणी शहराच्या इतिहासात अन्य कोणत्याही कायद्याने क्वचितच केली असेल. तथापि भाडे गोठले तरी चुना, लाकूड व मजुरी यांचे भाव गोठले नाहीत. मालकांनी दुरुस्ती थांबविली, भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणे जवळजवळ बंद झाले आणि पागडीची प्रथा रूढ झाली. नव्याने शहरात आलेल्याला या संरक्षणाचा लाभ मिळाला नाही. उलट त्याच्यासाठी भाड्याची जागा दुर्मिळ झाली.

जुन्या इमारती कोसळून जीवितहानी होऊ लागली, तेव्हा १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करण्यात आला. मालमत्ता कराबरोबर दुरुस्ती उपकर घ्यावयाचा व त्यातून, शासन व महानगरपालिका यांच्या अंशदानाच्या जोडीने, दुरुस्त्या करावयाच्या अशी ही योजना होती. तिच्या कक्षेत १९,६४२ इमारती आल्या. गोठलेल्या भाड्याने निर्माण केलेली उणीव अशा रीतीने वीस वर्षांनी सार्वजनिक पैशातून भरून काढावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालबाह्य व अवाजवी ठरविल्या. त्यानंतर महाराष्ट्र भाडे-नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्यास मुभा देण्यात आली.

कर्ज व सहकार : मध्यम उत्पन्नगटासाठी तिसरा मार्ग सहकाराचा होता. मुंबईत गावदेवी येथे १९१५ मध्ये स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही या चळवळीतील आद्य संस्था मानली जाते. सदस्यांचे भागभांडवल, संस्थेच्या नावे जमीन व दीर्घ मुदतीचे कर्ज या त्रयीवर ही पद्धत उभी राहिली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० व सदनिकांच्या मालकीविषयीचा १९६३ चा अधिनियम यांनी तिला कायद्याची चौकट दिली. केंद्र शासनाने १९७० मध्ये गृहनिर्माण व नगरविकास महामंडळ (हुडको) स्थापन केले. हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये मुंबईत खाजगी क्षेत्रातील पहिली मोठी गृहवित्त संस्था सुरू झाली आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेची स्थापना झाली.

कर्जामुळे खर्च अनेक वर्षांवर विभागला जातो, परंतु तो कमी होत नाही. व्याजामुळे तो वाढतोच. पगारपत्रक व तारण ज्याच्याजवळ असते, त्यालाच कर्ज मिळते. फेरीवाला, घरकामगार किंवा नाक्यावरचा मजूर यांचे उत्पन्न नियमित असले, तरी कागदावर नसते. केंद्र शासनाच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशातील नागरी घरांची तूट १.८७८ कोटी इतकी अंदाजली होती, तिच्यापैकी सु. ९६ टक्के तूट आर्थिक दृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्नगटांतील होती. याउलट २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सु. १.१ कोटी घरे रिकामी आढळली. पैशाचा पुरवठा ज्या थराला झाला, त्या थरासाठीच घरे बांधली गेली, हे या दोन आकड्यांवरून दिसून येते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने व्याजात सूट व प्रत्येक घरामागे अनुदान देऊन ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. मोठ्या शहरांत मात्र अनुदानाची रक्कम जमिनीच्या किमतीपुढे अल्प ठरते.

शासकीय मंडळे : स्वातंत्र्यानंतर स्थापन झालेल्या मुंबई गृहनिर्माण मंडळाने केंद्राच्या १९५२ च्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेखाली कर्ज व अनुदान घेऊन उपनगरांत मोठ्या वसाहती उभारल्या, उदा., विक्रोळीचे कन्नमवारनगर व घाटकोपरचे पंतनगर. हे मंडळ, विदर्भ गृहनिर्माण मंडळ, झोपडपट्टी सुधार मंडळ व दुरुस्ती मंडळ यांचे एकत्रीकरण करून १९७७ मध्ये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा) स्थापन झाले. म्हाडाची घरे सोडतीने दिली जातात व घरांच्या अनेक पटींनी अर्ज येतात. सोडत ही पक्षपातरहित पद्धत खरी. पण ज्या गोष्टीचा हक्क असतो ती चिठ्ठी टाकून वाटली जात नाही. सोडत पुरवठ्याचा तुटवडा मान्य करते, तो दूर करीत नाही.

जमिनीचे मूल्य : शहरातील जमिनीची किंमत मालकाच्या श्रमाने वाढत नाही. रस्ते, रेल्वे, पाणीपुरवठा व भोवतालची लोकवस्ती यांमुळे ती वाढते. या अनर्जित वाढीचा काही भाग समाजाने परत घ्यावा, हा विचार १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातील सुधार-आकारणीच्या तरतुदीतही आढळतो. शहर व औद्योगिक विकास महामंडळाने (सिडको, १९७०) नव्या मुंबईत हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले. जमीन संपादन करून, सेवा पुरवून ती विकावयाची व आलेल्या पैशातून पुढील विकास करावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. तेथेही हक्काचा प्रश्न उभा राहिला. ज्यांच्या शेतजमिनी व मिठागरे गेली, त्या भूमिपुत्रांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली वाढीव मूल्यात वाटा मागितला. १९८४ च्या जासई आंदोलनानंतर, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले.

नागरी जमीन (कमाल मर्यादा व विनियमन) अधिनियम, १९७६ हा जमीन थेट ताब्यात घेण्याचा प्रयत्न होता. मुंबईत ५०० चौ. मी. पेक्षा अधिक मोकळी जमीन शासनाकडे यावी, अशी त्यात तरतूद होती. सवलतीची कलमे व दीर्घ न्यायालयीन वाद यांमुळे अतिरिक्त ठरलेल्या जमिनीचा थोडाच भाग शासनाच्या हाती आला. केंद्राने १९९९ मध्ये व महाराष्ट्राने २००७ मध्ये हा कायदा रद्द केला. गिरण्यांच्या जमिनींबाबतही असेच घडले. १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीपैकी साधारणतः एकतृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एकतृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व एकतृतीयांश मालकास, अशी विभागणी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने केली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी केवळ बांधकामविरहित मोकळ्या जमिनीस लागू करण्यात आली आणि सार्वजनिक वाटा फार घटला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य धरली. नियमावलीतील एका कलमाने एखाद्या शहराच्या गृहनिर्माण निधीत किती घट होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे. २०१३ पासून ४,००० चौ. मी. व त्यापेक्षा मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्नगटांसाठी राखण्याचा नियम राज्यात करण्यात आला.

झोपडपट्टी पुनर्वसन : २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सु. ४१ टक्के कुटुंबे झोपडपट्टीत राहत होती. शासनाचे धोरण प्रथम झोपड्या हटविण्याचे होते; १९७० नंतर पाणी, शौचालये, पायवाटा पुरवून वस्ती आहे तेथेच सुधारण्याकडे ते वळले. १९७१ चा झोपडपट्टी अधिनियम व १९७६ ची गणना ही त्यातील महत्त्वाची पावले होत. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ ते १९९४ या काळात राबविलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात दोन पद्धती अजमावण्यात आल्या. पहिलीत झोपडपट्टीखालील जमीन रहिवाशांच्या सहकारी संस्थेस भाडेपट्ट्याने देऊन सुधारणेसाठी कर्ज द्यावयाचे होते. दुसरीत चारकोप, गोराई यांसारख्या ठिकाणी सेवायुक्त लहान भूखंड देऊन घर कुटुंबाने आपल्या सोयीने बांधावयाचे होते. मोठे भूखंड बाजारभावाने विकून लहान भूखंडांची किंमत कमी ठेवली गेली. चारकोपच्या एकमजली घरांवर पुढे मजले चढले, दुकाने आली व एक संपन्न वस्ती तयार झाली. या पद्धतीत शासनाला घर बांधावे लागले नाही. जमीन, सेवा व सुरक्षित कब्जा एवढेच पुरवावे लागले.

१९९५ मध्ये धोरण बदलले. निवडणुकीत चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन देण्यात आले होते. त्यानुसार झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. विकासकाने झोपडीवासीयांना मोफत सदनिका बांधून द्यावयाची व त्याच्या बदल्यात वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक घेऊन उरलेल्या जमिनीवर बाजारभावाने घरे विकावयाची, असे या योजनेचे स्वरूप आहे. शासनाच्या अंदाजपत्रकातून खर्च जवळजवळ होत नाही. सदनिकेचे क्षेत्र प्रारंभी २२५ चौ. फुट होते, ते पुढे २६९ व नंतर ३०० चौ. फुट करण्यात आले. पात्रतेसाठी १ जानेवारी १९९५ ही मुदतीची तारीख होती. ती नंतर १ जानेवारी २००० पर्यंत वाढविण्यात आली आणि त्यानंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांना सशुल्क घराची तरतूद झाली.

या योजनेतून लाखो लोकांना पक्के घर व कायदेशीर पत्ता मिळाला, हे तिचे श्रेय आहे. तथापि तीन दशकांत बांधून झालेल्या घरांची संख्या मूळ आठ लाखांच्या उद्दिष्टाच्या निम्म्यावरही गेली नाही. याचे कारण योजनेच्या अर्थप्रबंधातच आहे. जेथे विक्रीच्या घरांना चढा भाव मिळतो, त्या वस्तीत विकासक येतो. डोंगरउतारावरील, खाडीकाठच्या किंवा स्वस्त उपनगरातील वस्तीत तो येत नाही. बाजार मंदावला की बांधकाम थांबते व रहिवासी वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरात अडकतात. विक्रीसाठी अधिकाधिक जमीन मोकळी करण्याकरिता पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींस खेटून उभ्या राहतात. गोवंडी-मानखुर्द भागातील काही पुनर्वसन वसाहतींत हवा व उजेड यांचा अभाव आणि क्षयरोगाचे प्रमाण यांचा संबंध अभ्यासकांनी दाखविला आहे. देखभाल, उद्वाहक व पाणी यांचा मासिक खर्च न पेलल्याने काही कुटुंबे घर विकून वा भाड्याने देऊन पुन्हा झोपडीत जातात. मुदतीच्या तारखेनंतर आलेला, वा आलेला असूनही कागद न जपलेला, रहिवासी योजनेबाहेर राहतो. भाड्याने झोपडीत राहणाऱ्याचा तर तिच्यात विचारच होत नाही.

अन्य शहरांचे अनुभव : ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हे करातून गृहनिर्माण करणाऱ्या शहराचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९२२ मध्ये या शहरास स्वतंत्र प्रांताचा दर्जा व त्याबरोबर कर बसविण्याचे व्यापक अधिकार मिळाले. नगरपालिकेचे अर्थप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ पासून वाढत्या दराचा गृहनिर्माण कर बसविला. लहान घरांवर तो नाममात्र होता. सर्वांत महाग अशा अर्धा टक्का वास्तूंकडून कराचे सु. ४५ टक्के उत्पन्न येत असे. कडक भाडे-नियंत्रणामुळे जमिनीचे भाव पडले होते, त्यामुळे नगरपालिकेस जमीन स्वस्तात मिळाली. बांधकाम कर्जाऐवजी कराच्या पैशातून झाल्याने व्याजाचा बोजा नव्हता आणि भाड्यातून केवळ देखभालीचा खर्च घेतला जाई. कामगाराच्या वेतनाच्या सु. चार टक्के इतकेच हे भाडे होते. १९३४ पर्यंत ६०,००० हून अधिक घरे बांधली गेली. १९३० मध्ये पूर्ण झालेल्या कार्ल मार्क्स होफ या एकाच संकुलात १,३८२ सदनिका होत्या. ही घरे शहराने पुढे विकली नाहीत. आज नगरपालिकेकडे सु. २,२०,००० घरे आहेत. नव्या बांधकामासाठी वेतनाच्या एक टक्का अंशदान मालक व कर्मचारी यांच्याकडून निम्मे-निम्मे घेतले जाते.

सिंगापूरने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले, १९६६ च्या कायद्याने शासनास जमीन कमी मोबदल्यात संपादन करता आली आणि १९६८ पासून नागरिकांना सक्तीच्या भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम घरासाठी वापरता येऊ लागली. सु. चारपंचमांश रहिवासी या मंडळाच्या घरांत राहतात. घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जातात व जमीन शासनाकडेच राहते. ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने मध्यवर्ती अनुदान देऊन नगरपालिकांकडून घरे बांधविण्यास प्रारंभ झाला. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना ती सवलतीने विकत घेण्याचा हक्क दिला. अनेक कुटुंबे घरमालक झाली. परंतु विक्रीतून आलेला पैसा नव्या घरांत पूर्णपणे गुंतविण्याची नगरपालिकांना मुभा नव्हती. त्यामुळे सार्वजनिक भाड्याच्या घरांचा साठा घटला व पुढील पिढीला प्रतीक्षायादीत थांबावे लागले.

मूल्यमापन : वरील अनुभवांवरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कोणताही एक मार्ग पुरेसा नाही. कर्ज पगारदारास उपयोगी पडते, भाडे-नियंत्रण जुन्या रहिवाशास, जमिनीचे मूल्य महाग वस्तीतील झोपडीवासीयास. सर्वांत दुर्बल कुटुंबास मात्र कराच्या पैशातून बांधलेल्या भाड्याच्या घराखेरीज सहसा अन्य मार्ग नसतो. दुसरी, घर बांधण्याइतकाच ते टिकविण्याचा अर्थप्रबंध महत्त्वाचा आहे. मुंबईच्या चाळी व पुनर्वसनाच्या इमारती या दोहोंची दुरवस्था देखभालीच्या पैशाअभावी झाली. तिसरी, सार्वजनिक जमीन एकदा विकली की, पुढील पिढीचा गृहनिर्माण निधी संपतो; भाडेपट्ट्याने दिली तर तो टिकतो.

चौथी गोष्ट अधिकाराची आहे. संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने (१९९२) झोपडपट्टी सुधारणा हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. पण मुंबईतील म्हाडा व झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण या राज्य शासनाच्या संस्था आहेत. महानगरपालिकेची जकात १ जुलै २०१७ रोजी बंद झाली व तिच्याऐवजी राज्याकडून नुकसानभरपाई मिळू लागली. कर्जरोखे काढण्याचा मार्ग भारतीय शहरांना मोकळा आहे. अहमदाबादने १९९८ मध्ये व पुण्याने २०१७ मध्ये तो वापरला. मात्र पुण्याचे रोखे पाणीपुरवठ्यासाठी होते. गरिबांच्या घरांतून कर्जफेडीइतके उत्पन्न येत नसल्याने त्यासाठी रोखे काढणे अवघड जाते. जबाबदारी शहराची, जमिनीचे नियम राज्याचे व अनुदान केंद्राचे, अशा विभागणीत निवासाच्या हक्काबद्दल नागरिकाने नेमके कोणाकडे दाद मागावी, हे स्पष्ट होत नाही. व्हिएन्नाचे यश केवळ उदार धोरणाचे नव्हते. कर, जमीन व बांधकाम हे तिन्ही अधिकार एका निर्वाचित संस्थेकडे असण्याचे ते फळ होते.

विकास खात्याच्या चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत हाती घेण्यात आला असून वरळी येथील पहिल्या काही सदनिकांचा ताबा २०२५ मध्ये रहिवाशांना देण्यात आला. १६० चौ. फुटांच्या खोलीच्या जागी त्यांना ५०० चौ. फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळते. मूळ चाळींचा खर्च कापसाच्या गाठीवरील करातून व सार्वजनिक कर्जातून झाला होता. नव्या इमारतींचा खर्च त्याच जमिनीवर विक्रीसाठी बांधावयाच्या घरांतून निघावयाचा आहे. शंभर वर्षांपूर्वी शासनाने ती जमीन राखून ठेवली होती, म्हणूनच आज हा व्यवहार शक्य झाला. शहरात यापुढे येणाऱ्या कामगारासाठी तशी जमीन व तसा कर कोण राखून ठेवतो, यावर निवासाच्या हक्काचे भवितव्य अवलंबून राहील.